दर पावसाळ्यानंतर मागचा ब्रेक अडकतो: जुन्या फ्रेमच्या पोटातली वायरची नळी कशी मोकळी केली

त्र्यंबकहून नाशिकला परतताना पावसाळ्यात वारा पाठीशी असतो आणि रस्ताही एकूण उताराचा. तरी त्या रविवारी अंजनेरी मागे पडल्यापासून सातपूरपर्यंत मला सतत पायडल मारावं लागलं. आधी वाटलं, वय झालं. मग वाटलं, मिसळीबरोबरचा चौथा पाव नडला. सातपूरच्या सिग्नलला उतरून मागच्या रिमला हात लावला तर ती चांगलीच तापलेली. लिव्हर मी केव्हाच सोडलं होतं, ब्रेकने रिम सोडली नव्हती. सप्टेंबर संपत आलेला आणि हे सलग तिसरं वर्ष. तोच महिना, तोच ब्रेक.

सायकल मामाकडून आलेली, ऐंशीच्या दशकातली स्टीलची रेसिंग फ्रेम. वरचे स्टिकर कधीच उडालेत, त्यामुळे नाव सांगता येत नाही. पण बॉटम ब्रॅकेटची (पायडलचा आस बसतो त्या फ्रेमच्या तळाच्या नळीची) रुंदी ७० मिमी आणि दोन्ही बाजूंचे आटे उजवे, म्हणजे इटालियन मापाची. इंग्लिश मापात रुंदी ६८ मिमी असते आणि चेनकडच्या बाजूचे आटे उलटे असतात. जुनी फ्रेम घेताना हे आधी बघा, नाहीतर पान्यावर जोर लावून नेमके घट्टच करत बसाल. हे विषयांतर झालं, पण मी तसाच बसलो होतो म्हणून सांगितलं.

मुद्दा असा की या फ्रेमच्या वरच्या दांड्याला पुढे हँडलजवळ एक भोक आणि मागे सीटजवळ एक भोक आहे. मागच्या ब्रेकची वायर पुढून आत शिरते, दांड्याच्या पोटातून जाते आणि मागून बाहेर येते. त्या काळात याचं मोठं कौतुक होतं. बाहेर क्लिपा नाहीत, आउटर (वायरीवरचं जाड आवरण) नाही, दांडा कसा गुळगुळीत. पावसाळ्यात मात्र क्लिपा बऱ्या होत्या असं वाटतं.

पहिल्या वर्षी रविवार कारंजाजवळच्या एका जुन्या सायकलवाल्या काकांकडे नेली. त्यांनी वायर बदलून दिली आणि वर म्हणाले, "भाऊ, वायर घालून दिली, पण दुखणं पोटात आहे. पुढच्या वर्षी याल परत." गेलो परत. दुसऱ्या वर्षीही वायर बदलली. तिसऱ्या वर्षी जुनी वायर बाहेरच येईना, तेव्हा काकांनी हात जोडले आणि सायकल घरी आणून मीच उघडून बसलो. पुढे लिहिलंय ते त्या तीन-चार संध्याकाळींत शिकलेलं, फसलेल्या प्रयत्नांसकट.

आधी खात्री करा की अडलंय ते दांड्यातच

ब्रेक परत येत नाही म्हटल्यावर सगळे वायरीवर संशय घेतात. तीन जागा वेगवेगळ्या तपासायला दहा मिनिटं लागतात, तेवढी घालवा. कॅलिपरवर, म्हणजे रिमला दाबणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यावर, वायर धरणारा नट सैल करून वायर सोडवा. आता कॅलिपर हाताने दाबून सोडा. तो झटक्यात उघडला नाही तर दोष कॅलिपरच्या मधल्या बोल्टचा आहे, त्याला सफाई आणि दोन थेंब तेल पुरतं. तो उघडला, तर दांड्याच्या मागच्या भोकापासून कॅलिपरपर्यंतचा आउटरचा छोटा वळणदार तुकडा वायरीवरून काढून घ्या. पुष्कळदा गंज त्याच तुकड्यात असतो, कारण त्याच्या वळणात पाणी साठतं. मग लिव्हरपासून पुढच्या भोकापर्यंतचं आउटर. हे दोन्ही तुकडे मोकळे निघाले आणि तरी वायर दोन-तीन मिमीच्या पुढे सरकत नसेल, तर मात्र दांडा.

आत नळी आहे की नुसती पोकळी?

हे न कळता पुढे जाऊ नका, कारण दोन्हींचा इलाज वेगळा. काही फ्रेममध्ये एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत पितळेची किंवा स्टीलची बारीक नळी आतून डाग देऊन बसवलेली असते. काहींत नुसती दोन भोकं असतात आणि मध्ये अख्खा पोकळ दांडा. मोबाइलचा टॉर्च भोकावर तिरका मारा. कडेला पिवळं कडं चमकलं तर पितळेची नळी आहे. दिसलं नाही तर एका भोकात पंपाने हवा मारून दुसऱ्याला ओठ लावून बघा. हवा सरळ तिथून आली तर नळी आहे. हवा आत शिरते पण कुठे गेली ते कळत नाही, असं झालं तर पोकळी. नळी पूर्ण बंद असेल तर हवा शिरणारच नाही आणि पंप हाताला उलटा दाब देईल. माझं तसंच झालं.

पोकळ दांड्याचं थोडक्यात सांगतो. तिथे नळी तुंबत नाही. तिथे अडचण असते ती हरवलेली वायर दुसऱ्या भोकापर्यंत नेण्याची. शिवणाच्या दोऱ्याला फोमचा वाटाण्याएवढा तुकडा बांधा, पुढच्या भोकात सोडा आणि मागच्या भोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावा. मात्र दांड्याची टोकं जोडात उघडी असली तर हवा सीटच्या नळीतून ओढली जाते आणि दोरा जागचा हलत नाही. म्हणून सीटचा दांडा काढून ते तोंड ओल्या फडक्याने बंद करा, बाटलीच्या स्टँडच्या भोकांवर टेप लावा. दोरा आला की त्याच्यामागे वायर ओढायची. अशा फ्रेममध्ये भोकाभोकात अडकवलेल्या उघड्या वायरीपेक्षा अखंड आउटरच आरपार नेलेलं बरं, भोकं तेवढी मोठी असतील तर.

आता आपल्या तुंबलेल्या नळीकडे.

पायजम्याची नाडी आणि माझी चूक

पायजम्याची जुनी नाडी काढताना आई आधी तिच्या टोकाला नवी बांधायची आणि मगच ओढायची. हे लहानपणापासून बघूनसुद्धा मी वायर व्हाईस ग्रिपमध्ये (लॉक होणाऱ्या पक्कडीत) पकडली, पाय फ्रेमला लावला आणि पुढून खेचली. एकदम सुटून हातात आली. मी खूश. मग टोक पाहिलं. ब्रेकची आतली वायर म्हणजे बारीक तारांचा पीळ असतो. माझ्या वायरीत १९ तारा होत्या, आणि जिथे ती अडकली होती तिथे १५ भरल्या. उरलेल्या ४ नळीत राहिल्या. त्यांनी आत घरटं केलं आणि मघाशी नुसती गंजाने अरुंद झालेली नळी आता खरोखर बंद झाली.

तेव्हा तुमची वायर अजून आत असेल तर ती सोनं आहे. तिची दोन्ही टोकं कमीत कमी वीतभर ठेवा, छाटू नका. तेल सोडून दोन दिवस थांबा. मग दोन्ही बाजूंनी पक्कड धरून मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे हलवा, नुसतं एका बाजूला खेचू नका. हलवताना पीळ घट्ट होईल त्याच दिशेने थोडी फिरवत राहा. उलट फिरवली तर तारा सुटतात आणि नळीच्या भिंतीला टेकतात. दिशा कोणती हे कळत नसेल तर कापलेलं टोक बोटात फिरवून बघा, ज्या बाजूने ते फुलतं ती चुकीची. वायर सैल होऊन आरपार सरकू लागली की टेफ्लॉनची पातळ नळी तिच्यावरून आत सरकवा आणि मगच वायर काढा. नवी वायर त्या नळीतून डोळे मिटून जाते.

कुठे आणि किती तुंबलंय ते मोजा

हे माप घेतलं नसतं तर मी आजही अंधारात भोसकत असतो. कडक तारेचं टोक कानशीने गोल केलं. पुढच्या भोकातून ती अडेपर्यंत घातली, भोकाशी टेपची खूण केली, काढून मोजली: ४१.५ सेमी. मागून घातली: ४.५ सेमी. दोन भोकांमधलं अंतर बाहेरून मेजरिंग टेपने भरलं ४८ सेमी. म्हणजे बोळा फक्त २ सेमीचा होता आणि मागच्या तोंडापासून बोटभर आत. नळीचा आतला व्यास तोंडाशी ड्रिलच्या बिटांची बुडं घालून पाहिला. २.५ मिमीचं सहज गेलं, ३ चं जेमतेम टेकलं. ब्रेकची आतली वायर असते दीड ते १.६ मिमी. म्हणजे धडधाकट नळीत वायरीभोवती भरपूर जागा असते आणि तरी ती भरून गेली होती.

कशाने? लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो. जस्ताचा मुलामा झिजलेली वायर, वाळलेलं ग्रीस आणि रस्त्याची माती मिळून त्याचा लगदा होतो आणि तो ऑक्टोबरच्या उन्हात सुकतो. पितळेची नळी स्वतः तशी गंजत नाही, पण आत हिरवा कळंक धरते. नळीला खरवडलं नाही तर नवी वायर पहिल्याच आठवड्यात जुना गंज अंगाला लावून घेते.

जे करून फसलं, आणि जे केलंच नाही

चुंबक. व्हिडिओत फार छान दिसतं: फ्रेमवरून जोरकस चुंबक फिरवायचा आणि आतली वायर त्याच्यामागे येते. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली, त्यानंतरच्या वर्षांत आपल्याकडे कार्बनच्या सायकलीही बऱ्याच दिसू लागल्या, आणि तिथे ही युक्ती उत्तम चालते. कार्बन आणि ॲल्युमिनियम चुंबकाच्या आड येत नाहीत. स्टीलच्या फ्रेमवर मात्र चुंबक फ्रेमलाच चिकटतो, त्याचा जोर दांड्याच्या भिंतीतच मुरतो आणि आतल्या वायरीपर्यंत फारसं काही पोचत नाही. वायर स्टेनलेसची असली तर ती आणखी उदासीन. माझ्या चुंबकाने एकच काम केलं, रंगावर एक ओरखडा.

ॲसिड. माझ्या आतेभावाची पिंपळगावला द्राक्षबाग आहे. त्याला फोनवर रडगाणं ऐकवलं तर म्हणाला, "अरे दादा, ठिबकची लॅटरल चोक झाली की आम्ही ॲसिड सोडतो. सोड की थोडं."

"तुझी लॅटरल प्लॅस्टिकची आहे रे, ही लोखंडाची."

"मग ॲसिड राहू दे, मायक्रोट्यूब घेऊन जा. कामाला येईल."

ती मायक्रोट्यूब, म्हणजे ठिबकची बारीक नळी, खरंच कामाला आली, पण ॲसिडचं आधी संपवतो. ठिबकमध्ये पाण्यातले क्षार साचतात, ते ॲसिडने विरघळतात आणि नंतर पाणी सोडून लाइन धुता येते. फ्रेममध्ये ते डागाच्या जोडात जाऊन बसलं तर धुऊन निघत नाही आणि आतून खात राहतं. संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात नको. व्हिनेगरही नको, पितळेवर हिरवा थर चढवतं.

आग. लायटर, गॅसची शेगडी, ब्लो लॅम्प, काही नाही. आतल्या नळीचा डाग घरच्या ज्योतीने सुटणार नाही, पण रंग नक्की जाईल. हेअर ड्रायर चालतो, त्याचा उपयोग पुढे येतो.

आणि वेल्डरकडे नेऊन दांडा कापायचा विचार मनात आला तर झोपून उठा. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एकाहून एक कारागीर आहेत, पण त्यांचा हात जाड पत्र्याला बसलेला. चांगल्या जुन्या रेसिंग दांड्याची भिंत टोकांना ०.९ मिमी आणि मध्ये ०.६ मिमी अशीही असते. तिथे आर्क टेकला की भोक.

तेल, मग गिटारची तार

आतेभावाच्या मायक्रोट्यूबचा बाहेरचा व्यास ६ मिमी. दांड्याच्या भोकाशी आउटरच्या टोकावरची टोपी जिथे टेकते त्या खाचेत ती घातली तर तंतोतंत बसली, जणू तिथल्यासाठीच केलेली. दुसऱ्या टोकाला मेडिकलमधली २० मिली सिरिंज. सांध्याला जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. झालं पिचकारीचं काम.

तेल कोणतं? शिवणयंत्राचं तेल आणि डिझेल निम्मं-निम्मं. रॉकेल चाललं असतं, पण ते आता सहज मिळत नाही. गिअरबॉक्सचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन तेल आणि ॲसिटोन हे मिश्रण गॅरेजवाले वापरतात आणि ते भारी मुरतं, पण ॲसिटोनचा थेंब जुन्या रंगावर पडला की रंग गेला. डब्ल्यूडी-४० ने सुरुवात करायला हरकत नाही, फक्त तेच वंगण समजून वरून नवी वायर घालू नका, ते टिकत नाही.

तेल फार लागत नाही. ४८ सेमी लांबीच्या ३ मिमी नळीत साडेतीन मिलीसुद्धा मावत नाही. खरी अडचण असते हवेच्या बुडबुड्याची. नळी इतकी बारीक की वरून ओतलेलं तेल बुडबुड्यावर बसून राहतं आणि बोळ्यापर्यंत जातच नाही. म्हणून कडक तार आत घालून वर-खाली करत करत तेल सोडा. मी पहिली रात्र सायकल पुढचं चाक वर करून टांगली आणि पुढून तेल दिलं. दुसरी रात्र उलटी, मागचं चाक वर, आणि मागच्या तोंडातून सुईने थेंब थेंब. मागे फक्त साडेचार सेमी भरायचे होते, त्यामुळे ती बाजू जास्त लागू पडली. दिवसातून दोनदा हेअर ड्रायरने दांड्याची शेवटची वीत तापवली, हात ठेवता येईल इतपतच, आणि थंड होताना वर तेलाचा थेंब ठेवला. आकसताना फटीत तेल ओढलं जातं.

तिसऱ्या संध्याकाळी हत्यार. मोरी तुंबली की प्लंबर जी लांब स्प्रिंग घालून फिरवतो, तिची बाळआवृत्ती मला हवी होती. ती मिळाली शेजारच्या मुलाच्या गिटारवरून उतरवलेल्या तारांत. सगळ्यात जाड तार, मधल्या स्टीलच्या तारेवर बारीक तार गुंडाळलेली, १.१७ मिमी जाड आणि जवळजवळ मीटरभर लांब. अंगावरच्या गुंडाळीमुळे ती कानशीसारखी खरवडते आणि तरी वळणातून वाकून जाते. टोक तिरकं कापलं म्हणजे धार आली. दुसरं टोक ड्रिलच्या चकमध्ये, वेग सगळ्यात कमी, दिशा गुंडाळी घट्ट होईल तीच. टोकापासून ४.५ आणि ६.५ सेमीवर टेपच्या दोन खुणा, म्हणजे बोळा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे बाहेरून दिसावं.

पहिल्या खुणेशी तार टेकली की हाताला बारीक कुरकुर येते. दाबायचं नाही. दाबलं तर तार आत वाकते आणि तुमची पाचवी तार आत राहते. पाच सेकंद फिरवायचं, बाहेर काढायचं, फडक्याला पुसायचं, तेलाचा थेंब, परत आत. पहिल्या दहा-बारा खेपा फडक्यावर फक्त तपकिरी लोणी. मग एकदा तार आत गच्च बसली, ड्रिल घुरघुरलं, मी लगेच थांबवलं. उलटं न फिरवता सरळ बाहेर ओढली. टोकाला केसांच्या गुंत्यासारखा एक पुंजका आला, आणि त्यात तीन तारा मोजल्या. एक अजून आत.

आणखी वीसेक खेपांनी दुसरी खूण भोकात शिरली आणि हाताचा जोर एकदम गेला. त्या क्षणी मी ओरडलो म्हणे. बायको स्वयंपाकघरातून बघून गेली. मग पिचकारी: डिझेल भरून पुढून मारलं, मागच्या भोकाखाली पांढरं फडकं. पहिली पिचकारी काळी, दुसरी तांबडी, तिसरीत चौथी तार फडक्यावर येऊन पडली, दोन सेमीची, वाकलेली. मी ती डबीत ठेवली आहे.

धुणं पाण्यासारखं स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा, मग पंपाने हवा मारून कोरडं करा. शेवटी वायरीला दोरा आणि दोऱ्याला कापसाची वात बांधून आरपार ओढा. वात तपकिरी आली तर अजून एक पिचकारी. नळी खरी मोकळी झाली का याची माझी परीक्षा अशी: पुढचं चाक वर करून सायकल उभी धरायची आणि पुढच्या भोकात नवी कोरी वायर सोडायची. ती स्वतःच्या वजनाने मागच्या भोकात यायला हवी. माझी आली, शेवटच्या वळणाशी जराशी घुटमळून.

पण मग दरवर्षी का?

एवढं झाल्यावर सायकल बाल्कनीतल्या हुकाला लावली, नेहमीसारखी पुढच्या चाकाने. फ्लॅट लहान, सायकल भिंतीला उभीच टांगावी लागते. थोड्या वेळाने बघतो तर मागच्या भोकातून उरलेलं डिझेल थेंब थेंब गळतंय. आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा थेंब आज गळतोय, कारण आज भोकात टोपी नाही. एरवी तिथे आउटरची टोपी बुचासारखी बसलेली असते.

म्हणजे तीन वर्षं काय होत होतं? पावसात पाणी हँडलकडून आउटरवरून ओघळत पुढच्या भोकात उतरायचं. घरी येणाऱ्या विजेच्या वायरला वायरमन बाहेर झोळ देतो, पाणी झोळाच्या तळाशी गळून पडावं म्हणून. इथे झोळ नाही, उलट आउटर वरून थेट भोकात उतरतं, पाण्याला घसरगुंडीच. सायकल आडवी असेपर्यंत पाणी नळीत पसरलेलं राहायचं. घरी आलो की मी ओली सायकल उभी टांगायचो, मग सगळं पाणी मागच्या टोकाला जायचं आणि टोपीच्या वर, नळीच्या वळणात साठायचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, दर रविवारी. त्र्यंबकचा पाऊस नाशिकच्या पावसासारखा भुरभुर नसतो, हे सांगायला नको. आणि म्हणून बोळा दांड्याच्या मध्ये कुठेही नव्हता, बरोबर मागून साडेचार सेमीवर होता. वायर कितीही चांगली घातली असती तरी ती त्याच डबक्यात उभी राहिली असती. काका "दुखणं पोटात आहे" म्हणाले ते खरंच, पण दुखणं लावलं होतं माझ्या हुकाने.

तुमची सायकल मागच्या चाकाने टांगलेली असेल तर बोळा पुढच्या टोकाला शोधा.

जोडताना

एम. जी. रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात टेफ्लॉनची स्लीव्ह मीटरवर मिळाली, आतून २ मिमी, बाहेरून अडीचच्या जरा वर. ती पितळी नळीत आरपार घातली आणि दोन्ही बाजूंना टोपीच्या तोंडाशी ब्लेडने सरळ कापली. आता पाणी आलं तरी वायरीला लागत नाही, स्लीव्ह आणि पितळेच्या मधल्या फटीतून वाहतं.

ते मागे बाहेर पडावं म्हणून टोपीच्या अंगावर बारीक कानशीने एक आडवी नव्हे, लांबीच्या दिशेने खाच पाडली, मिलिमीटरभर. फ्रेमला भोक पाडू नका, टोपीला पाडा. टोपी दुकानात सुटी मिळते, फ्रेम मिळत नाही. पुढच्या टोपीभोवती मात्र जाड ग्रीस भरलं, आणि भोकाच्या दोन बोटं आधी आउटरवर जुन्या ट्यूबची घट्ट रिंग चढवली. ओघळणारं पाणी रिंगशी अडून खाली टपकतं.

वायर स्टेनलेसची घ्या. लिव्हर रेसिंगचं असेल तर नासपतीच्या आकाराच्या डोक्याची वायर लागते, साध्या सायकलीची ढोलकीसारख्या आडव्या डोक्याची असते. पुष्कळ वायरींना दोन्ही टोकांना दोन डोकी असतात, नको ते कापायचं. कापायच्या आधी तिथे सोल्डरचा डाग द्या (स्टेनलेसला त्याचं खास फ्लक्स लागतं), म्हणजे तारा फुलत नाहीत. आउटर ब्रेकचंच हवं, गोल गुंडाळलेल्या पट्टीचं, ५ मिमी. गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या असतात, ब्रेकच्या जोराला ते फुटू शकतं. आउटर कापल्यावर तोंड कानशीने सपाट करा आणि आतली दबलेली प्लॅस्टिकची नळी दाभणाने उघडा. ही दाभणाची एक टोच विसरली म्हणून माझी अर्धी संध्याकाळ परत सगळं सोडवण्यात गेली.

सगळं आवळल्यावर लिव्हर जोरात दहा-पंधरा वेळा दाबा आणि कॅलिपरचा नट परत तपासा. पहिली फेरी सपाट रस्त्यावर. सप्तशृंगी गडाचा नांदुरी घाट उतरायचा बेत असेल तर मध्ये आठवडाभर रोजची सायकल चालवा.

आणि हे सगळं करूनही नळी मोकळी झालीच नाही, किंवा आतला डाग सुटून नळी दांड्यात खुळखुळायला लागली, तर दांड्यावर तीन क्लिपा लावून अखंड आउटर बाहेरून न्या. इटालियन आणि इंग्लिश दांड्याला २५.४ मिमीच्या क्लिपा लागतात, फ्रेंच दांडा २६ मिमीचा असतो. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी उत्तम सायकलींना अशाच क्लिपा होत्या. मोकळी भोकं रबरी बुचांनी बंद करा, म्हणजे झालं.

पावसातून आलो की आता मी दोन गोष्टी करतो. कॅलिपरवरची ब्रेक सैल करायची चिमुकली कळ उघडतो आणि मागची टोपी खाचेतून बाहेर काढून ठेवतो. मगच सायकल हुकाला. सकाळी टोपी परत बसवायला दहा सेकंद लागतात. यंदा सप्टेंबर संपल्यावर वायर आणि स्लीव्ह मुद्दाम काढून पितळी नळीतून कापसाची वात ओढून पाहिली. कोरडी निघाली, टोकाला नखाएवढा तांबूस डाग. तो मागचा राहिलेला की नवा, ते पुढच्या सप्टेंबरला कळेल.